मंगळवारी उघडी राहिलेली झडप

मित्रांनो, आधी नाकावरचा रुमाल काढा बघू. अकरा वर्षं मी हा वास खाते आहे, आणि तुम्हाला घटकाभर सोसवत नाही होय? मी एक जुनी लोखंडी झडप आहे. डोक्यावर गोल चाक, मध्ये आट्यांचा लांब दांडा आणि खाली गुडघ्याएवढं उंच दार. चाक डावीकडे फिरवलं की दार वर जातं, उजवीकडे फिरवलं की खाली बसतं. एवढंच काय ते माझं शिक्षण. पण या एवढ्याशा वर-खाली होण्यावर यंदाच्या उन्हाळ्यात एका बाईचा जीव टांगणीला लागला होता. म्हणून तुम्हाला बसवून घेतलंय. मुकाट्यानं ऐका.

निपाणीहून संकेश्वरकडे जाताना हमरस्ता सोडून उसातून आत गेलं की आमचं गाव लागतं. नाव सांगणार नाही. गावाची बेअब्रू करणं माझ्या स्वभावात नाही. बाकीचं मात्र एक अक्षरही गाळणार नाही.

माझा जन्म बेळगावात, उद्यमबागेतल्या एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. काळ्या वाळूचा साचा आणि त्यात ओतलेला लाल रस. माझ्या बरोबरीनं ओतलेल्या पंपांना निळा रंग लागला, आणि ते कुठे विहिरीवर, कुठे बागेत कामाला गेले. मला डांबर फासून टेंपोत टाकलं. टेंपोवाल्यानं विचारलं, "हे कशाला?" कोणीतरी म्हणालं, "गटारीला." तो फिदीफिदी हसला. मला त्या दिवशी फार लागलं, खोटं कशाला बोलू?

गावाच्या शिवेवर, ओढ्याच्या काठाला, तेव्हा नवीन काम चाललं होतं. साऱ्या गावाचं सांडपाणी एका मोठ्या गटारीतून इथे येतं. न्हाणीचं, भांड्याधुण्याचं, गोठ्याचं आणि संडासाचंसुद्धा. तोंडं वाकडी करू नका, तुमच्याकडचंही कुठेतरी जातंच. आधी एक लोखंडी जाळी लागते. तिथे चिंध्या, पिशव्या, केस अडकतात. मग एक हौद, आणि त्या हौदाला दोन वाटा. डावी वाट टाक्यांकडे जाते. टाक्यांत गाळ खाली बसतो. पुढे खडीच्या वाफ्यांत कर्दळ लावली आहे. त्या खडीतून आणि कर्दळीच्या मुळांतून पाणी दोन-तीन दिवस झिरपत जातं आणि पलीकडून निवळून ओढ्यात पडतं. उजवी वाट उताराची. ती सरळ ओढ्यात उतरते. त्या उजव्या वाटेच्या तोंडावर मला उभं केलं.

काम बघायला इंजिनीअर बाई आल्या होत्या, धारवाडकडच्या. माझ्या चाकावर हात ठेवून त्या पंचायतीच्या माणसाला कानडीत म्हणाल्या, "मळे बंद्रे मात्र." म्हणजे पाऊस आला तरच. मुसळधार पावसात टाकी भरून फुटायची वेळ आली तरच मला वर उचलायचं. एरवी मी खाली. मी खाली बसले की पाणी निमूटपणे डावीकडे टाक्यांत जातं. मी वर उठले की सारी घाण उजवीकडून ओढ्यात.

तो पंचायतीचा माणूस म्हणजे परशराम आप्पा. तेव्हा पन्नाशीचा, हाडानं मजबूत, तोंडात कायम सुपारीचं खांड. गावच्या लक्ष्मीचा तो मानकरी. त्यानं मला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि म्हणाला, "बाई, आता तुजी नि माजी गाठ." माझ्यासारखीला बाई म्हणणारा तो पहिलाच. रोज सकाळी तो दाताळ्यानं जाळी साफ करायचा. मग माझ्या आट्यांना ग्रीस लावायचा, चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा जागेवर आणायचा. "अंग आखडू देऊ नगंस," म्हणायचा. लोक हसायचे. हा म्हातारा गटारीशी बोलतो म्हणायचे. बोलायचाच. आणि मला ते हवंहवंसं वाटायचं.

ओढ्याच्या खाली मैलभरावर वीस-बावीस घरांची वाडी आहे. उन्हाळ्यात तिथे नळाला चार-चार दिवस पाणी नसतं. तेव्हा वाडीची माणसं ओढ्याच्या वाळूत खड्डा काढतात. त्यात गाळून आलेलं पाणी साठतं. त्याला झिरा म्हणतात. मी येण्याआधी त्या झिऱ्याला वास मारायचा. टाकी आणि कर्दळ झाल्यावर दोन वर्षांत ओढा निवळला. बेडूक परत आले. तरी वाडीला भरवसा वाटेना. गावाच्या गटारीचंच पाणी ते, म्हणायचे.

तेव्हा परशराम आप्पानं काय केलं, ऐका. एका बुधवारी तो चालत वाडीत गेला. मालुबाई नावाच्या विधवा बाईनं झिऱ्यातून तांब्या भरून दिला. सगळ्या वाडीसमोर तो गटागटा प्यायला आणि म्हणाला, "दर बुधवारी येणार. ज्या बुधवारी मी पिणार न्हाय, त्या दिशी तुमी बी पिऊ नगा." आणि खरोखर दर बुधवारी तो जायचा. नऊ वर्षं, पायात काटा मोडलेला असला तरी. वाडीला दुसरा कुठला दाखला लागला नाही. त्याच येण्याजाण्यात मालुबाईची लेक पूर्णिमा त्याच्या घरात सून होऊन आली.

ते माझे सोन्याचे दिवस. लांबलांबच्या पंचायतींची माणसं कर्दळीचे वाफे बघायला यायची. एकदा बेळगावच्या पेपरात फोटो आला. त्यात मी नव्हते, माझ्या चाकावर हात ठेवलेला पंचायतीचा सदस्य नागेंद्र होता. असो.

तीन वर्षांपूर्वी आप्पाचा गुडघा गेला. बुधवारची वाट त्यानं काठी टेकत चालू ठेवली, पण जाळीचं काम पूर्णिमाकडे आलं. कामाला वाघीण. दाताळं मारायची, गाळ उपसायची, मला ग्रीस लावायची. आप्पासारखी बोलायची नाही, पण फडक्यानं पुसायची. आप्पा बांधावर बसून "तितं र्‍हायलं बघ, तितं" करायचा. दर शनिवारी मालुबाई बाजाराला जाताना माझ्यापाशी टेकायची. मायलेकी चार गोष्टी बोलायच्या. मालुबाई येताना तांब्याभर झिऱ्याचं पाणी आणायची आणि लेकीला पाजायची. "सासरच्या नळाला ही चव न्हाय गं," म्हणायची. सगळं कसं नीट चाललं होतं.

आणि यात्रा आली.

आमच्या लक्ष्मीची यात्रा बारा वर्षांनी भरते. मागची झाली तेव्हा मी भट्टीतसुद्धा नव्हते. यात्रेआधी पाच मंगळवार सारा गाव वार पाळतो. वाराच्या दिवशी औत जुंपायचं नाही, खुरप्या-कुदळीला हात लावायचा नाही, गिरण बंद, सुताराचा रंधा बंद. सहाव्या मंगळवारी यात्रा. मला ही रीत आवडते हो. वर्षानुवर्षं झिजणाऱ्या लोखंडाला एक दिवस कोणी विसावा दिला तर कोणाचं काय बिघडतं? पण सांडपाणी वार पाळत नाही.

पहिल्या मंगळवारच्या आधी नागेंद्र आणि आप्पा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. नागेंद्र यात्रा कमिटीत होता. प्रश्न असा होता की, मंगळवारी दाताळं उचलायचं नाही म्हणजे जाळी तुंबणार. जाळी तुंबली की पाणी मागं फिरून दुपारपर्यंत खालच्या गल्लीतल्या घरांत शिरणार.

"मग काय करायचं, आप्पा?" नागेंद्र म्हणाला. "पावणे याला लागलेत. दारात घाण दिसली तर तोंड दाखवायला जागा न्हाय."

आप्पानं दोन दिवस विचार केला. मला वाटलं, हा काहीतरी तोड काढणार. काढलीही. सोमवारी संध्याकाळी तो जाळी उचलून बाजूला ठेवायला सांगणार होता, आणि मला वर करणार होता. म्हणजे मंगळवारी काही साफ करायला नको. सगळं सरळ ओढ्यात जाईल. बुधवारी सकाळी जाळी जागेवर आणि मी खाली. वारही पाळला आणि गल्लीही तुंबली नाही.

"मामा," पूर्णिमा म्हणाली. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. "खाली माजी आई हाय. झिऱ्याचं पित्यात समदी."

"एका दिसानं काय हुतंय?"

"मंगळवारी म्हशीची धार काढताय न्हवं? शेण काढताय न्हवं? मग जाळी साफ केली तर काय?"

"म्हस जित्राब हाय, पोरी. ही लोखंड हाय. वाराला लोखंडाला हात न्हाय लावायचा."

लोखंड! दहा-अकरा वर्षं मला बाई म्हणणारा माणूस. मित्रांनो, तो शब्द माझ्या आट्याआट्यांत रुतला. पण आप्पा दुष्ट नव्हता हो. मानकरी होता. बारा वर्षांनी आलेल्या यात्रेत आपल्या हातून वार मोडला, असं व्हायला नको, एवढीच त्याची भीती. भ्यालेलं माणूस किती हुशारीनं चुकतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

सोमवारी संध्याकाळी त्यानं स्वतः चाक डावीकडे फिरवलं. पाऊस नसताना मी पहिल्यांदा वर उठले. खालून काळं पाणी सळसळत ओढ्याकडे निघालं. उन्हाळ्याचा ओढा तो, त्याला दुसरी धार नव्हतीच. त्या दिवशी ओढ्यात वाहिली ती नुसती आमच्या गावाची घाण.

जाताना आप्पानं सुनेला देवीची आन घातली. "वाडीत बोलू नगंस. यात्रेच्या तोंडावर बोभाटा नगं."

बुधवारी सकाळी मला खाली केलं. आप्पा काठी टेकत वाडीच्या वाटेला लागला, वीस पावलं गेला, थांबला. मी बघत होते. बराच वेळ तो तिथेच उभा राहिला. मग मागे फिरला. "गुडगा लई दुकतोय," कोणी विचारलं नसताना म्हणाला.

नऊ वर्षांत पहिल्यांदा बुधवार चुकला होता. आणि त्यानंच सांगून ठेवलं होतं ना, ज्या बुधवारी मी पिणार नाही, त्या दिवशी तुम्हीही पिऊ नका? पण पिणार नाही म्हणणं वेगळं आणि न येणं वेगळं. वाडीला निरोप गेला तो गुडघ्याचा.

शनिवारी मालुबाई आली. पूर्णिमानं तिच्या हातातला तांब्या घेतला, तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला.

"का गं? पी की."

"आई, थोडं दिस उकळून पीत जा."

"झिऱ्याचं? ते काय नळाचं हाय व्हय? काय झालंय?"

पूर्णिमानं जाळीकडे तोंड फिरवलं. मालुबाई हसली. "आप्पा हायत न्हवं वर. काय वाईट झालं तर ते सांगतील की. तसला माणूस हाय म्हणून तर तुला दिली." तांब्या उचलून तीच पाणी प्यायली, तोंड पदराला पुसून बाजाराला गेली. पूर्णिमा माझ्या चाकाला धरून उभी होती. देवीच्या शपथेमुळे तिनं अर्धंच सांगितलं होतं, आणि अर्धं सांगितलेलं कोणी ऐकत नाही.

दुसरा मंगळवार गेला. वाडीतली चार लेकरं जुलाब-ओकारीनं आजारी पडल्याचं कळलं. लोक म्हणाले, ऊन बाधलं. तिसऱ्या मंगळवारी नागेंद्र आला. घराघरांतून रंगकाम, गोधड्या धुणं, भांडीकुंडी घासणं चाललं होतं. गटार दुथडी भरून येत होती. "एकटी बाई किती वेळा जाळी साफ करंल?" तो म्हणाला. "यात्रा हुईपर्यंत र्‍हाऊ दे जाळी बाजूला नि गेट वरच. मग बघू." आप्पानं सुपारीचं खांड तोंडात सारलं. उठून घराकडे गेला. आणि मी वर राहिले.

तुम्हाला वाटेल, झडपेला काय, उघडी काय नि मिटलेली काय. सांगते. वर राहिलेल्या झडपेच्या खाचेत रेती बसते. चिंध्या येऊन दांड्याला गुंडाळतात. ग्रीस सुकतं. रोजचा तो अर्धा फेरा बंद झाला की आटे एकमेकांना चावून धरतात. मला कळत होतं की, मी आखडते आहे. कोणाला हाक मारणार? माझ्या पायाखालून रात्रंदिवस घाण वाहत होती आणि खाली वाडीत माणसं तेच पाणी घागरीत भरत होती. ते दिसायला स्वच्छ होतं बरं का. वाळूतून गाळून येतं ना. रोग डोळ्यांना दिसत नाही.

चौथ्या आठवड्यात मालुबाई पडली. शनिवारी ती आली नाही. वाडीतून निरोप आला, अंगात पाणी राहिना, उठवत नाही. वाडीतल्या लोकांनी काय अर्थ लावला असेल? कोणीतरी वार मोडला, म्हणून देवी कोपली. आता पाचवा मंगळवार आणखी कडक पाळायचा ठरला. मी हे ऐकलं आणि माझ्या दारात पुन्हा तो लाल रस ओतल्यासारखं झालं.

पाचव्या मंगळवारी भर दुपारी, सगळं गाव सावलीला बसलेलं असताना, पूर्णिमा पळत आली. पदर खोचला आणि दोन्ही हातांनी माझं चाक उजवीकडे ओढलं. वाराच्या दिवशी. मी जीव एकवटला, खरंच सांगते. कुरकुरत दोन आटे खाली आले. तेवढ्यात पलीकडून कोणीतरी चाक धरलं. आप्पा.

"सोड, पूर्णिमा."

"आई मरंल, मामा."

"आज न्हाय. उद्या सकाळी मी सोता खाली करतो. देवीची आन हाय."

"देवीनं सांगिटलंय व्हय तुमाला, माज्या आईला गटार पाज म्हणून?"

एकाच चाकावर सून आणि सासरा, चार हात, दोन बाजूंनी ओढणारे. मधे मी. शेवटी म्हाताऱ्याचे हात जड ठरले. पूर्णिमा मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मग उठली, तशीच वाडीला गेली, आणि आईला जीपमध्ये घालून निपाणीच्या दवाखान्यात घेऊन गेली.

बुधवारी पहाटे फटफटायच्या आधीच आप्पा आला. शब्दाचा पक्का, हे मात्र मानावं लागेल. चाकाला हात घातला. मी हलले नाही. त्यानं ग्रीस लावलं, चिंध्या कापल्या, खांदा लावला. मी नाही हलले. मला हलायचं नव्हतं असं नाही, मित्रांनो. मला हलताच येत नव्हतं. तो घामाघूम होऊन माझ्याकडे बघत राहिला. मग नागेंद्राला जाऊन सांगितलं. "यात्रा झाल्यावर निपाणीहून मिस्त्री आणू," नागेंद्र म्हणाला. सहा दिवस. देवीच्या शपथेनं बांधलेली पूर्णिमा दवाखान्यात आईजवळ होती, आणि वाडीला तेव्हाही कोणी सांगितलं नाही.

यात्रेचा मंगळवार उजाडला. आता ती रीत ऐका, म्हणजे पुढचं कळेल. यात्रेदिवशी देवीला अंघोळ घालतात ती वाडीच्या झिऱ्याच्या पाण्यानं. वाडीची मानाची बाई घागर डोक्यावर घेऊन वाजतगाजत येते. शिवेवर, म्हणजे अगदी माझ्यासमोर, गावचा मानकरी सामोरा जातो. घागरीतली पहिली ओंजळ तो पितो. मग घागर देवळात जाते, देवीला अंघोळ होते, आणि तेच पाणी तीर्थ म्हणून आलेल्या हजारो माणसांच्या हातावर पडतं.

घागरीचा मान मालुबाईचा. ती दवाखान्यात. म्हणून माहेरचा मान घेऊन पूर्णिमा आली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, डोळे सुजलेले. मागे हलगी वाजत होती. मागे वाडीची माणसं, चारजणांचे चेहरे आजारानं उतरलेले. समोर फेटा बांधलेला परशराम आप्पा. शेजारी नागेंद्र. सगळ्या गावाची पोरंबाळं, पाहुणे, बेळगाव-कोल्हापूरहून आलेल्या लेकी. आणि मी उघडी, माझ्या खालून घाण भळभळ वाहत होती. हलगीच्या आवाजात ती कोणाला ऐकू आली नाही.

हलगी थांबली. आप्पानं ओंजळ पुढे केली. पूर्णिमानं घागर कलती केली. पाणी ओंजळीत पडलं.

"घ्या, मामा."

आप्पानं ओंजळ छातीपाशी आणली.

"घ्या की. नऊ वर्षं दर बुधवारी घेतलं. माज्या आईनं तुमच्यावर इस्वास ठेवून पिलं."

नागेंद्र हळूच म्हणाला, "आप्पा, प्या. लोक बघाय लागल्यात." आप्पानं ओंजळ ओठांपर्यंत नेली. मी मनात म्हणत होते, पिऊ नको रे बाबा. आणि दुसरंही म्हणत होते, न पिता गप्प राहू नको. त्यानं डोळे मिटले आणि हात उघडले. देवीचं पाणी मातीत सांडलं.

बायकांच्या तोंडून "आगं आई!" असा उद्गार निघाला. आप्पा मोठ्यानं बोलला. इतकं मोठ्यानं तो कधी बोलला नव्हता.

"हे पाणी देवळात न्यायाचं न्हाय. वर गेट उगडं हाय. तीन आठवडं झालं. गावाची समदी घाण वड्यात चाललीया. मी उगडलंय. वार पाळायचा म्हणून, मी."

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू. वाडीचे गडी अंगावर धावले. नागेंद्रनं हात झटकले, मला काही ठाऊक नाही म्हणाला. फेट्यासकट, पांढऱ्या धोतरासकट आप्पा गटारीत उतरला आणि दोन्ही हात माझ्या चाकावर ठेवले. मंगळवारी. "बाई," म्हणाला, "एकडाव खाली ये." पूर्णिमानं घागर ओतून दिली आणि ती पलीकडून चाकाला भिडली. या वेळी दोघं एकाच बाजूला ओढत होती. मग वाडीचे चार गडी आले, पहार आली. मी किंचाळत, सोलपटत खाली आले.

पण पूर्ण नाही. पहारीनं खाच वाकली आणि रेती आत घट्ट बसली होती. तळाशी चार बोटांची फट राहिली. तेवढ्यातून पाणी अजून जात होतं.

देवीची अंघोळ गावच्या विहिरीच्या पाण्यानं झाली. यात्रा पार पडली. यात्रेच्या तिसऱ्या दिवशी मालुबाईनं दवाखान्यातच प्राण सोडला. डॉक्टरांनी सांगितलं, फार उशिरा आणलं. शनिवारी माझ्यापाशी टेकायला आता कोणी येत नाही.

आता दीड महिना झाला. गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो, आप्पामुळे हजारो माणसं वाचली. दुसरा म्हणतो, त्यानं तीर्थ सांडलं, वाराला लोखंडाला हात लावला, म्हणूनच मालुबाई गेली. माझ्या दुरुस्तीचा कागद मंजूर झाला आहे म्हणे. कुठे आहे ते कोणाला ठाऊक नाही. झिऱ्यावर वाडीनं फरशी ठेवली आहे आणि टँकरची वाट बघत बायका रांगेत उभ्या असतात.

पूर्णिमा रोज येते, जाळी साफ करते, मला ग्रीस लावते. सासऱ्याशी बोलत नाही. आप्पा दर बुधवारी काठी टेकत वाडीत जातो आणि त्या फरशीपाशी बसतो. कोणी त्याच्या हातात तांब्या देत नाही, कोणी ऊठही म्हणत नाही. दुपारी परत येतो, माझ्याजवळ वाकतो आणि फटीत बोटं घालून बघतो. "अजून चार हायत," म्हणतो. कोणाला म्हणतो, ठाऊक नाही. पाऊस तोंडावर आला आहे. यंदा टाकी भरली तर मला वर उचलता येईल की नाही, आणि उचलली तर पुन्हा खाली येईन की नाही, हे मलाच सांगता येत नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावाबाहेर, जिथे कोणी फिरायला जात नाही, तिथे माझी एखादी बहीण उभी असेल. तिला फुलं नकोत, फोटो नको. ती खाली बसली आहे की वर राहिली आहे, एवढं बघून या. चाक फिरतं का ते बघा. नसेल फिरत, तर मोठ्या माणसांना सांगा, आणि सांगाल ते अर्धं सांगू नका. हाताला काळं लागेल. ते धुऊन जातं. उद्या जाऊ म्हणू नका, आजच जा. आज मंगळवार असला, तरी जा.